‘नो जंक मेल’ आणि आमचे पाद्रीबुवा

लोकांच्या घरात नको असलेला कागद टाकणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण तो कागद इतक्या अदबीनं टाकणारा माणूस आमच्या शेजारच्या पाद्रीबुवांखेरीज दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. तसे ते रेव्हरंड. इंग्लंडात जन्मलेले, तरुणपणी बायकोबरोबर सिडनीला आलेले आणि एका चर्चमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले विधुर गृहस्थ. आम्ही सिडनीच्या कॅसल हिल उपनगरात घर घेतलं त्या दिवशी कुंपणावरून घरच्या लिंबांची पिशवी देत त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही युद्धाच्या बाजूचे की विरोधातले?" मी पुण्याचा. मला मत नाही असा विषय नाही. पण फ्रिज दारात अडकलेला असताना मत देण्याचा सराव नव्हता. "अजून ठरवलं नाही," म्हटलं. त्यांना केवढा आनंद झाला. न ठरवलेला माणूस त्यांना फार दिवसांनी भेटत होता.

ते युद्ध लांबच्या एका वाळवंटातलं. मोठ्या देशांनी सुरू केलेलं, आणि आमच्या इथल्या सरकारनंही, आमंत्रण आलंय तर गेलं पाहिजे, अशा थाटात मागोमाग सैनिक धाडलेले. माझ्या ऑफिसात घरांचे भाव आणि क्रिकेट यापलीकडे कोणी बोलत नसे. पाद्रीबुवांना मात्र ते युद्ध झोपू देत नव्हतं. दर आठवड्याला ते एक पत्रक लिहीत, गॅरेजमधल्या खडखडणाऱ्या प्रिंटरवर फिकट निळ्या कागदावर छापत आणि शनिवारी दुपारी हॅट घालून गल्लोगल्ली वाटत. पत्रकाच्या वरच्या अर्ध्यात पंतप्रधानांची खरडपट्टी आणि खालच्या अर्ध्यात त्याच पंतप्रधानांसाठी प्रार्थना. हे दोन्ही एका कागदावर कसं जमतं, असं विचारलं तर म्हणाले, "नुसती टीका केली तर मी पुढारी होईन आणि नुसती प्रार्थना केली तर भित्रा." चर्चच्या नव्या मंडळींनी त्यांना आवारात पत्रकं वाटायची बंदी केली, तेव्हा रविवारची प्रार्थना संपली की ते सगळ्यांच्या आधी बाहेर येऊन फुटपाथवर उभे राहू लागले. फुटपाथ कौन्सिलचा, तिथं बिशपचंही चालत नाही, असं ते मोठ्या समाधानानं सांगत.

शुक्रवारी संध्याकाळी मी मेट्रोनं घरी पोचतो न पोचतो तोच कच्चा मजकूर घेऊन ते दारात हजर. "कुठं कंटाळा आला तेवढंच सांगा," म्हणायचे. एकदा मी धीर करून सांगितलं, तिसरा परिच्छेद. त्यांनी मनापासून आभार मानले, तो परिच्छेद खोडला आणि त्या जागी त्याच्या दुप्पट लांबीचा नवा लिहिला. माझी बायको मुग्धा म्हणायची, "सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही." माझी आई पुण्याहून आली होती तेव्हा तिनं दिवाळीच्या चकल्या त्यांच्याच पत्रकात बांधून त्यांना पाठवल्या. मी कपाळाला हात लावला. ते मात्र तेलाचे डाग पडलेला तो कागद हातात धरून म्हणाले, "चला, एखादं तरी कोणाच्या उपयोगी पडलं."

पत्रकाची मागची बाजू ते मुद्दाम कोरी ठेवत आणि खाली छापत, तुमचं उत्तर इथं लिहा आणि माझ्या लेटरबॉक्समध्ये टाका. लोक टाकत. बहुतेक शिव्याच. पुढच्या पत्रकात त्या शिव्यांना साभार उत्तर असे. एकानं लिहिलं, ‘गो बॅक टू इंग्लंड, मेट.’ पाद्रीबुवांनी छापलं की तुमची सूचना विचारात घेण्याजोगी आहे, पण इंग्लंडही याच युद्धात आहे, तेव्हा जाऊन उपयोग नाही. मी थक्क झालो. आम्हाला कोणी ‘परत जा’ म्हटलं तर आम्ही चार दिवस तोंड पाडून बसतो आणि मग व्हॉट्सअॅपवर पाच ग्रुपना कळवतो.

पण त्यांची खरी गंमत स्टिकरपाशी. इथं निम्म्या लेटरबॉक्सवर ‘नो जंक मेल’ असा स्टिकर असतो. पिझ्झावाले आणि घरं विकणारे एजंटसुद्धा तो बघून पुढं जातात. पाद्रीबुवाही टाकत नसत, पण पुढंही जात नसत. स्टिकर दिसला की फाटक उघडून दारापर्यंत जायचं, टकटक करायची, हॅट काढायची आणि म्हणायचं, "हे जंक आहे की नाही ते तुम्ही ठरवा. मी लेखक आहे, मला ते ठरवता येत नाही." यामुळं तासाभराच्या कामाला अख्खी दुपार लागायची. लोक कधी घ्यायचे, कधी दार लावायचे. दार लावलं तरी ते बंद दाराला "थँक यू" म्हणून परत यायचे.

हळूहळू मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. "तू आयटीवाला आहेस की पोस्टमन?" असं मुग्धानं विचारून झालं. आणि मग माझ्या ध्यानात आलं की एक घर असं होतं, जिथं हा नियम चालत नव्हता. मागच्या गल्लीतलं, विटांचं, दारात लाल बॉटलब्रशचं झाड. तिथल्या लेटरबॉक्सवरही स्टिकर होता. पाद्रीबुवा तिथं थांबायचे, जणू त्यावरचं काही बदललं असेल अशा रीतीनं तो स्टिकर पुन्हा वाचायचे, एक पत्रक घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचे आणि पुढं चालू लागायचे. दार वाजवायचे नाहीत.

ते घर त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, हेलनचं. तिचा मुलगा टॉम सैन्यात होता आणि त्याच युद्धावर गेला होता. पहिलं पत्रक वाचून ती वडिलांना म्हणाली होती, "डॅड, तुम्ही माझ्या मुलाविरुद्ध लिहिताय." दुसऱ्या दिवशी तिनं स्टिकर लावला. रविवारचं एकत्र जेवण बंद झालं. हे त्यांनी मला फुटपाथवरच, एका दमात सांगितलं.

"काही दिवस लिहिणं थांबवलं तर?" मी म्हटलं.

"टॉम घरी यावा म्हणूनच लिहितोय."

"मग हे तिला सांगा ना."

"दर शनिवारी तेच तर सांगायला येतो," ते म्हणाले.

"अहो, पण सगळ्या गल्लीची दारं वाजवता, हे एक का नाही?"

ते म्हणाले, "बाकीचे नको म्हणाले तर फक्त पत्रक परत येतं." मला फार वाईट वाटलं. साता समुद्रापलीकडे राहून आईशी रोज फोनवर भांडणारे आम्ही, आणि हे दोघं एका गल्लीच्या अंतरावर मुके.

त्या हिवाळ्यात त्यांचा गुडघा धरला. मी म्हटलं, या शनिवारी मी एकटा वाटतो. त्यांनी मला नियम पुन्हा समजावले: स्टिकर नसेल तर टाका, असेल तर दार वाजवा. हेलनबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मी सरळमार्गी माणूस, नियम म्हणजे नियम. बॉटलब्रशच्या घराचं फाटक उघडलं आणि दार वाजवलं. हॅट नव्हती, म्हणून कानटोपी काढली.

हेलननं दार उघडलं. डोळे अगदी वडिलांचे. मी पाठ केलेलं वाक्य म्हणायला लागलो, "हे जंक आहे की नाही ते..."

"ते का नाही आले?" तिनं मधेच विचारलं.

"गुडघा. बाकी ठीक आहेत."

तिनं दाराची चौकट धरली. "दर शनिवारी मी किचनच्या खिडकीतून बघते," ती म्हणाली. "वाटतं, आज तरी दार वाजवतील. सगळ्यांची वाजवतात. माझंच नाही." मग माझ्या हातातल्या कागदाकडं बघून म्हणाली, "हे मी तुमच्याकडून घेणार नाही. त्यांना म्हणावं, स्वतः आणून द्या."

मी निरोप सांगितला, अगदी शब्दशः. पाद्रीबुवांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. पुढच्या शनिवारी काठी टेकत, माझा दंड धरत निघाले, आणि जन्मात पहिल्यांदा बाकीची घरं सोडून थेट तिकडं. लेटरबॉक्सपाशी आलो तर स्टिकर नव्हता. खरवडून काढलेला, डिंकाचा पांढरट चौकोन तेवढा उरलेला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून पत्रक काढलं आणि हलकेच आत सोडलं. दार उघडलं. हेलन तिथूनच म्हणाली, "डॅड, मी वाचणार नाही हं."

"नको वाचूस," ते म्हणाले. "नुसतं घेत जा."

"या आत. गार पडलंय."

टॉम पुढं सुखरूप घरी आला. युद्ध युद्धांसारखंच रेंगाळत संपलं, पाद्रीबुवांच्या पत्रकांनी नव्हे. रविवारी जेवणाला आजोबा-नातू कडाकडा भांडत आणि हेलन दोघांना वाढत असे. तिची एकच तक्रार होती. स्टिकर गेल्यापासून पिझ्झावाले, एजंट, छपराच्या पन्हळी साफ करणारे, सगळ्यांची पत्रकं तिच्याच बॉक्समध्ये कोंबलेली. "यांच्या एका कागदापायी मला गठ्ठाभर कचरा," असं ती मला सांगायची. मी म्हटलं, स्टिकर पुन्हा लाव, ते घरी येऊन हातात देतील की. ती म्हणाली, "तुम्ही ओळखत नाही त्यांना. स्टिकर बघतील आणि परत जातील."

गेल्या वर्षी पाद्रीबुवा गेले. शेवटपर्यंत कुठलं ना कुठलं युद्ध चालूच होतं, त्यामुळं त्यांना विषयाची कधी ददात पडली नाही. आता त्यांच्या घरात दुसरी माणसं राहतात, लिंबाचं झाड आहे, शुक्रवारी मात्र आमची बेल वाजत नाही. मला त्यांची फार आठवण येते. परवा शनिवारी हेलनच्या घरावरून चाललो होतो. बॉक्स तोंडापर्यंत भरलेला, कागद बाहेर लोंबताहेत. मी म्हटलं, "आता तरी स्टिकर लाव, मी आणून देतो." ती "नो वरीज, राहू दे," म्हणाली. मग तिनं तो गठ्ठा बाहेर काढला आणि रिसायकलिंगच्या बिनपाशी उभी राहून, आत टाकण्याआधी, एकेक कागद उलटून बघू लागली.