अर्धी राहिलेली डिस्क

गल्लीभर त्यांना जागाकाका म्हणत. भरगच्च पिशवी असो, कपाट असो की पाठकोरा कागद, काका बोट ठेवून म्हणायचे, "अजून जागा आहे कीऽऽ!" तो 'की' असा लांबायचा, जसं बिजागरीला तेल हवंय. तीस वर्षं समारंभांचं व्हिडिओ शूटिंग केलं, पण एक डिस्क अर्धी सोडली नाही.

एक सोडून. थोरल्या बहिणीच्या निवृत्तीची. ताईने त्यात वर्गाला शेवटची गोष्ट सांगितली होती. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि ताईचा आवाज कायमचा गेला. आता ती पाटीवर लिहून भावाला झापायची. तिच्या सहा वर्षांच्या नातीने आजीचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

म्हणून भाचीने ती डिस्क शोधून काकांकडे आणली आणि कॉम्प्युटरमध्ये घातली. ड्राइव्ह घरघरला, खाकरला. पडद्यावर आलं: डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करायची का?

"मामा, हो म्हणू?"

"हात काढ! माऊसवरून आधी हात काढ!"

"काढला हो! ओरडताय काय?"

डिस्क घेऊन काका कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो नाकातून बोलायचा.

"काँका, जुना ड्राइव्ह असता तर डिस्कच्या प्लस-माँयनस जातींचं भांडण म्हटलं असतं. पण माँझा दोन्ही वाचतो, आणि याँतही कोरीच." त्याने डिस्क उजेडात तिरकी धरली. "अर्ध्यापर्यंत रंग वेगळाँय. म्हणजे भरलीय. शूटिंग संपल्यावर बंद केलेली का?"

काकांनी कपाळावर हात मारला. बंद कशी करणार? अर्धा तास जागा उरली होती ना! आणि बंद न केलेली डिस्क जिने भरली ती मशीनच वाचते, बाकी सगळ्यांना ती कोरी दिसते.

"ती मशीन आँहे का?"

काका धावतच घरी. मशीन टीव्हीखालीच होती, पाटासारखी. काकूंनी कंबरेवर हात ठेवले. "वीस वेळा म्हटलं, भंगारात द्या. तर म्हणे, टीव्हीखाली जागा आहे कीऽऽ!"

"तू थोर, माझं ऐकलंस!"

"ऐकलं नाही, कंटाळले."

ताईला आणि नातीला बोलावलं. धूळ पुसली, वायरी जोडल्या. ट्रे कुरकुरत बाहेर आला, डिस्क गिळून आत गेला. पडदा काळाच. मग एकदम खणखणीत:

"मागच्या बाकावरची खुसखुस बंद! हाताची घडी!"

नातीने झटकन हाताची घडी घातली. काकांनीही. भाची हसता हसता रडायला लागली. नात आजीच्या तोंडाकडे बघत पुटपुटली, "खुसखुस बंद," अगदी त्याच सुरात.

ताईने डोळे पुसले, पाटी ओढली आणि लिहिलं: "आता तरी बंद कर ती डिस्क. उरू दे जागा!"

काकांनी मशीनवरचं डिस्क बंद करायचं बटण दाबलं.