बाटलीवरचा केस

प्रयोगशाळेत तिला सगळे जेलमावशी म्हणत. बावीस वर्षं तिचं काम एकच: काचेच्या दोन तावदानांमध्ये जेलचा पातळ थर ओतायचा, तो थिजला की वरच्या खाचांत प्रथिनांचे नमुने सोडायचे आणि वीज लावायची. लहान प्रथिनं भराभर खाली पळतात, मोठी वरच अडकून बसतात. मग चांदीच्या द्रावणाने रंगवलं की जिथे जे प्रथिन थांबलं तिथे तपकिरी पट्टा उमटतो. कुणी काम मन लावून केलंय आणि कुणी जेवायच्या घाईत उरकलंय, हे मावशी नुसत्या पट्ट्यांवरून सांगत असे.

पट्ट्यांवर तिचा विश्वास होता. माणसांवर नव्हता.

गेल्या महिन्यात तिच्या बफरची बाटली लवकर संपू लागली. बफर म्हणजे नमुन्यात मिसळायचं गडद निळं द्रावण. प्रथिनाची गुंडाळी सोडवून ते त्याला सरळ करतं. मावशीचा संशय लगेच चष्मेवाल्यावर गेला. तो सहा महिन्यांसाठी दुसऱ्या प्रयोगशाळेतून आला होता. चालताना पावलं वाजत नसत आणि फ्रीज उघडण्याआधी तो मागे वळून बघे. आणखी काय पुरावा हवा?

तिने घरची युक्ती इथे आणली. संध्याकाळी निघताना आपला एक केस बाटलीच्या तोंडावर आडवा ठेवायचा आणि वरून झाकण लावायचं. दोन्ही टोकं बाहेर लोंबत. सकाळी टोकं नसली की समजायचं, कुणीतरी झाकण उघडलं. आठवड्यात चार वेळा टोकं नव्हती. दर वेळी मावशीने मनाशी "वाटलंच!" म्हटलं आणि नवा केस लावला.

त्यानंतरच प्रबंधवालीच्या जेलमध्ये एक नको असलेला पट्टा आला. चार वर्षं खपून या मुलीने प्रबंधासाठी एक प्रथिन शुद्ध वेगळं केलं होतं. खाचेखाली एकच पट्टा हवा. आता प्रत्येक खाचेखाली दोन.

"टोपी घातली होतीस ना? हातमोजे?" मावशीने विचारलं.

"मावशी, तुमच्या धाकाने मी घरीसुद्धा टोपी घालून फिरते."

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी सरळ सांगितलं, "शुक्रवारीही दुसरा पट्टा दिसला तर प्रबंध पुढच्या वर्षी."

मावशी सरांच्या खोलीत गेली. "सर, माझ्या बाटलीत कुणीतरी काहीतरी घालतंय."

"कोण?"

"मी नाव घेणार नाही. पण इथे चष्मा लावणारा एकच आहे."

सरांनी नकळत स्वतःचा चष्मा वर सारला.

"तुम्हाला सोडून," मावशी म्हणाली.

चष्मेवाल्याने शुक्रवारी सामान आवरून परत जावं, असं ठरलं.

गुरुवारी संध्याकाळी घरी तिची मुलगी अभ्यासाचं कपाट लावत होती. "आई, तू या फटीत केस अडकवतेस ना?"

"मी? मला काय तेवढाच उद्योग आहे?"

"दार उघडलं की रोज वहीवर पडतो. मग मीच परत लावून ठेवते. म्हटलं, उगाच तुझ्या जिवाला घोर नको."

मावशीने ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. पडतो. दार उघडलं की आत पडतो. चार सकाळी टोकं नव्हती, पण ते केस गेले कुठे, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. केस म्हणजे तरी काय? प्रथिनच. आणि तिचा बफर तर प्रथिन सोडवायलाच केलेला!

शुक्रवारी सगळ्यांच्या आधी येऊन तिने ताजा बफर केला. जेलमध्ये तीन खाचा भरल्या: पहिलीत नुसता जुना बफर, दुसरीत नुसता ताजा, तिसरीत प्रबंधवालीचा नमुना ताज्या बफरमध्ये. दुपारी रंग चढला. पहिल्या खाचेखाली तोच आगंतुक पट्टा. दुसरीखाली काही नाही. तिसरीखाली एक, फक्त एक.

चष्मेवाला टेबलाशी पिशवी भरत होता. मावशी ओलं जेल घेऊन सगळ्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"सर, हा पट्टा माझ्या केसांचा आहे. यांना पकडायला मी बाटलीवर केस लावत होते. ते आत पडले. यांनी काही घातलं नाही."

प्रबंधवाली हसू लागली. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. सर जेलवर वाकले. मग चष्मेवाल्याला म्हणाले, "पिशवी उघडा परत."

"पण तुम्ही माझा बफर घेत होतात, हे तर खरं ना?" मावशीने त्याला विचारलं.

"हो मावशी. मागायला आलो की तुम्ही असं बघायचात... जसं आत्ता बघताय."

मावशीने नजर खाली वळवली. जुनी बाटली तिने टाकाऊ रसायनांच्या डब्यात रिकामी केली, ताज्यातला थोडा बफर एका लहान बाटलीत ओतून त्याच्यापुढे ठेवला. परत वळली, दोन पावलं गेली, थांबली. खिशातून पेन काढून तिने त्या बाटलीवर, द्रावणाची पातळी होती तिथे, एक बारीक रेघ मारली.

"किती उरलंय ते कळावं," ती म्हणाली, "म्हणून."