रॅशिओसिनेशन आणि सुरमईची तुकडी

लग्नानंतर सहा वर्षांनी मी बाहेरून बी.ए.ला बसले. विषय तर्कशास्त्र. नवरा मुंबईला, गावातल्या घरी मी आणि सासूबाई. सोमवारी आम्हा दोघींचा उपास.

अशाच एका सोमवारी स्वाध्याय द्यायला देवरूखला गेले. स्टँडजवळच्या खानावळीतून तळलेल्या सुरमईचा वास आला आणि पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. दोन तुकड्या खाल्ल्या, लिंबानं हात चोळचोळून धुतले आणि साळसूदपणे घरी आले.

"काय खाल्लंस गो?" सासूबाईंनी विचारलं.

"साबुदाण्याची खिचडी."

त्यांनी माझा हात हातात घेऊन हुंगला. "खिचडी खाऊन लिंबानं हात कोण धुतं? एरवी बाहेरून आल्या आल्या भूक भूक करतेस, आज गप्प. आणि ही मांजर कधीपासून साबुदाणा खायला लागली?"

मांजर खरोखरच माझ्या पायाशी लोळण घेत होती.

विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, "आई, आत्ता तुम्ही केलंत ना, पुराव्यावरून एकेक पायरी चढत निष्कर्ष काढलात, त्याला इंग्रजीत रॅशिओसिनेशन म्हणतात."

"रेशन?"

मला हसू फुटलं. त्यांना अडाणी ठरवायच्या हौसेनं मी मोबाइलवर शब्दकोश उघडला. मूळ लॅटिन 'रातिओ', म्हणजे हिशेब, आणि विचारही. त्यावरून 'रातिओकिनारी', हिशेब मांडणं, तर्क करणं. खाली आणखी एक ओळ होती. ती मी मनातच वाचली.

"थांबलीस का? वाच की."

"रेशन हा शब्दही 'रातिओ'वरूनच आलाय," मी पुटपुटले.

"मग हसलीस कशाला?"

मी मोबाइल पालथा ठेवला. त्यांनी लगेच मुलाला फोन लावला. "तुझ्या बायकोनं आज साबुदाण्याची सुरमई खाल्ली!" पलीकडून नवऱ्याचं हसणं मला ओटीवर ऐकू आलं. मी लाजून स्वयंपाकघरात पळाले.

त्या मागोमाग आत आल्या. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली, तर त्या हळूच म्हणाल्या, "ताजी होती का?"

"एकदम."

बुधवारी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्याबरोबर देवरूखला आल्या. एक तुकडी खाल्ली, दुसरी मागवली आणि निघताना खानावळवाल्याला सुनावलं, "मासा बरा आहे, पण मीठ कमी पडलंय हो!"