कौतुकाची पोस्ट

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण तो दिवस अजून विसरलेलो नाही.

पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी चालू होती. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचे एक दुधाचा धंदा करणारे शेतकरी थेट माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी मोबाईल पुढं केला. परदेशातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, ऐन परीक्षेत, आपल्याकडची काही मुलं फेटे बांधून हलगीवर नाचताहेत, काचेचं दार फुटतंय, असा व्हिडिओ आठवडाभर फिरत होता. कुणीतरी तो त्याच विद्यापीठात शिकणाऱ्या, या शेतकऱ्याच्या मुलाचा फोटो, नाव आणि गाव घालून टाकला होता. ती पोस्ट विद्यापीठापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी मुलाला चौकशी समितीपुढं उभं राहायचं होतं.

"सायेब, त्यात माझं पोरगं न्हाय. पण तिथं कोण ऐकंना. हिकडची पोरं आली की धिंगाणाच घालत्यात, असं म्हणत्यात. त्याला माघारी धाडलं तर सगळं पाण्यात गेलं की वो."

चहा मागवला, त्यांनी कपाला हात लावला नाही. तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली. सायबर शाखा म्हणाली, खातं टोपणनावाचं आहे, माहिती यायला चार दिवस लागतील. आमच्या हातात एक दिवस होता.

मग पोस्टमधला मुलाचा फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात कुणाच्या तरी जोडलेल्या हातांची बोटं दिसत होती. हा फोटो कुठला, असं विचारलं.

"पोरगं परदेशी निघालं तवा गावात अभिनंदनाचा फ्लेक्स लावलावता, त्यातला हाय," वडील म्हणाले. फ्लेक्स छापला होता मुलाच्याच वर्गमित्रानं, राजारामपुरीतल्या त्याच्या दुकानात. फ्लेक्सची फाईल त्याच्याकडंच होती.

मित्राला बोलावून घेतलं. आधी कानावर हात ठेवले त्यानं. मी आवाज चढवला नाही. असली मुलं ओरडलं की जास्तच गप्प होतात. वडिलांना आत आणून नुसतं त्याच्यासमोर बसवलं. दोन मिनिटांत त्याचे डोळे भरले.

"काका, मी वाईट काय लिवलं? फेटा बघितला, वाटलं आपलाच गडी. 'कोल्हापूरचा वाघ' म्हणून कौतुकच केलं की."

"तोंड ओळखलंस का?" मी विचारलं.

"न्हाय सायेब. तोंड दिसतच न्हाय त्यात."

जबाब नोंदवला, इंग्रजी भाषांतर करून सही-शिक्क्यासह संध्याकाळी विद्यापीठाला पाठवला. दुसरा दिवस मी फोनकडं बघत काढला. अखेर वडिलांचा फोन आला, मुलगा चौकशीतून सुटला होता.

निंदा करणाऱ्यावर आपण नजर ठेवतो, कौतुक करणाऱ्याला कुणी विचारत नाही. हे मी त्या प्रकरणात शिकलो, आणि स्वतःची लाज वाटून शिकलो. वडील खरवसाचा डबा घेऊन आले, पाया पडायला वाकले. मी झटकन मागं सरकलो. त्यांना वाटलं, साहेब साधे आहेत. ते पहिल्यांदा माझ्या दारात आले, त्याच्या चार दिवस आधी तीच पोस्ट मी आमच्या बॅचच्या ग्रुपवर पुढं पाठवली होती. वर लिहिलं होतं, 'नाव काढलं पोरानं.'