टँकरची वाटी

सुकेशनीला कुणी विचारलं, बाई तुझं काम काय, तर ती सांगायची, "भरवसा मोजते." लोक हसायचे. हसणारच! भरवसा काय कांदा आहे, काट्यावर टाकायला? पण संभाजीनगरातल्या एका संशोधन संस्थेत खरोखरच हे काम चालायचं. कुठलं सरकारी खातं नीट चालतं आणि कुठलं नुसत्या खुर्च्या उबवतं, हे लोकांच्या भरवशावरून मोजायचं. त्या दुष्काळी वर्षी ह्या मोजणीला भलतंच वजन आलं होतं. जिथं टँकरवर भरवसा कमी, तिथं फेऱ्या वाढवायच्या, असं वरून ठरलं होतं.

रीत सोपी होती. समोर वाट्या मांडायच्या. एक ग्रामपंचायतीची, एक पोलिसांची, एक टँकरची. माणसाच्या हातात मूठभर चिंचोके द्यायचे. ज्याच्यावर जेवढा भरवसा, तेवढे त्याच्या वाटीत. मुळीच नसेल तर वाटी तशीच माघारी. आणि सक्त नियम असा, की तोंडचं लिहायचं नाही, वाटीतलं लिहायचं.

वैजापूरकडच्या एका धनगरवस्तीवर बानाबाईनं तिला छपराच्या सावलीत बसवलं. टँकरचं नाव काढताच म्हातारी उसळली. "कशाचा टँकर गं माय! गावातल्या हिरीत पाणी वततो अन् जातो निघून. वस्तीवर त्याची धूळबी येत नाय. ही माझी नात रूपा, शाळा सोडून जुन्या हिरीच्या तळाला उतरती पाणी भराया. ती वर येईस्तोवर जीवात जीव नसतो माझ्या."

एवढं बोलली, आणि टँकरच्या वाटीत दोन-चार चिंचोके टाकून वाटी सुकेशनीच्या हातात दिली.

सुकेशनी चक्रावली. पण नियम तो नियम. तिनं वाटीतलं लिहून घेतलं. वस्तीवर घरोघरी तेच झालं. शिव्या पोटभर, आणि रिकामी वाटी एकाही घरातून नाही.

सुकेशनीचं घर चिकलठाण्याकडं. आजूबाजूला नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्यासाठी पाण्याचे टँकर दिवसभर दारावरून धडधडत जायचे. नळाला मात्र आठवड्यातून कधीतरी पाणी. वैशाख पौर्णिमेला शेजारच्या आशाबाईंनी डबाभर खीर पाठवली. दुसऱ्या दिवशी डबा परत करताना तिच्या आईनं, सत्यशीलाबाईंनी, सगळी फळी धुंडाळली. काही सापडेना, तेव्हा डब्यात चिमूटभर साखर टाकली.

"राहू दे की आई, आशामावशी काय म्हणणार आहेत?"

"येडी का काय? कुणाचं भांडं रिकामं देतात व्हय?"

सुकेशनीनं डबा उघडून ती साखर पुन्हा एकदा पाहिली. अरे देवा, तो भरवसा नव्हताच! बाया फक्त तिची वाटी रिकामी परत करायचं टाळत होत्या. मी पण असल्याच घरात वाढले, मला कसं कळलं नाही, असं म्हणत तिनं कपाळावर हात मारून घेतला.

संस्थेचे प्रमुख तात्यासाहेब माणूस वाईट नव्हते. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "आकडे गेले गं पुढं. एकही वाटी रिकामी नाही, म्हणून ती वस्ती 'बऱ्यापैकी समाधानी'त बसली. फेऱ्या दुसरीकडं गेल्या. तू पुन्हा मोजून आण, मी भांडतो."

ती पहिल्या एसटीनं निघाली. वस्तीवर पोचली तर छपराखाली बाजेवर रूपा पडलेली. मांडीपासून पायाला प्लॅस्टर.

"हिरीत घसरली," बानाबाई म्हणाली. "जीव वाचला म्हणायचं."

सुकेशनीला तिथून पळून जावंसं वाटलं. फेऱ्या वाढल्या असत्या तर ही पोर विहिरीत उतरली नसती, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं कसंबसं सगळं समजावून सांगितलं. वाटी रिकामी दिली तर चालतं, उलट तसंच पाहिजे, त्याच्यावरच टँकर अडलाय.

बानाबाई म्हणाली, "मग पयलंच का नाय सांगितलं, पोरी?"

सुकेशनीनं वाट्या मांडल्या आणि चिंचोके पुढं ठेवले. म्हातारीनं टँकरची वाटी हातात घेतली, बाजेवरच्या नातीकडं पाहिलं आणि वाटी तशीच रिकामी पुढं केली. सुकेशनीनं हात लावला, तरी म्हातारीच्या हातून ती सुटेना. शेवटी म्हातारीनं एक चिंचोका उचलून आत टाकलाच.

"आजी, अहो, आत्ताच सांगितलं ना मी!"

"त्यो टँकरचा नाय. तू एवढी उन्हातान्हाची आलीस. घरात दुसरं काय बी नाय गं द्यायला."

सुकेशनीचे डोळे भरून आले. तिनं तो चिंचोका वाटीतून काढला आणि पदराच्या गाठीत बांधला. वाटीतलं लिहायचं हा नियम तिला पाठ होता. बानाबाईच्या नावापुढं, टँकरच्या रकान्यात, तिनं शून्य लिहिलं.