वसूचा घरचा पेशंट

मधल्या सुट्टीत फोन आला. "आपली वसू गेली गं..." एवढंच आप्पा म्हणाले. दौंडहून न्हावऱ्याला पोहोचेपर्यंत मी एसटीत देवाशीच भांडत होते. साधा ताप काय येतो, नि धडधाकट पोरगी काय जाते!

वसू माझी मावसबहीण, आप्पा तिचे वडील. त्यांना शुगर. जखम चिघळून त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला, तेव्हा वसूनं पुण्यात पीएच.डी.ला नाव नोंदवलं. शुगरवाल्यांच्या जखमा का भरत नाहीत, आणि आत पू होऊ लागला की रंग बदलून सांगेल अशी पट्टी बनवता येईल का, हा तिचा विषय. एक गाईड जीवशास्त्राचे, दुसरे इंजिनिअर. "दोन सासवांची सून झालेय मी," म्हणायची. गावानं तर नुसता प्रवेश मिळाल्यावरच 'डॉक्टर वसुधाताईंचे अभिनंदन' असा फ्लेक्स लावला, आणि ती घरी आली की गुडघे दाखवायला बायकांची रांग! "अगं मावशे, मी तसली डॉक्टर न्हाई," सांगून सांगून हिचा घसा बसायचा.

घरचा पेशंट मात्र पाय दाखवेल तर शपथ. ती समोर बसली की आप्पा पाय धोतरात ओढून घ्यायचे. "तुज्या लग्नात म्या तुजं पाय धुयाचं, आन् तू माजं धरतीस व्हय? पाप लागंल." वसू चिडायची, रडायची. "आप्पा, उद्या पायच गेला तर माझं शिकणं काय चुलीत घालू?" मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघांवर जीवही तेवढाच. तिचा प्रबंध अर्ध्यावरच राहिला...

तेराव्यानंतर तिच्या लॅबमधली मैत्रीण भेटायला आली. चहा झाला. आप्पांनी खुर्ची तिच्यासमोर ओढली, धोतर वर केलं आणि उजवा पाय पुढे केला. टाचेला जखम, कधीची ते देव जाणे. "लेकीला न्हाई दावला. ताई, तुमी बगा." ती बिचारी पाय हातात धरून रडत बसली. मग आम्ही त्यांना तसंच शिरूरला दवाखान्यात नेलं. वेळेत आणलंत, तिथले डॉक्टर म्हणाले.

परवा पुन्हा गेले होते. तळवे बघायला वसूनं एक आरसा आणून दिला होता, आप्पांनी त्याला कधी हात लावला नव्हता. आता तो ओट्यावर उताणा ठेवलेला असतो. आप्पा सकाळी त्यावर पाय धरतात, टाच नीट न्याहाळतात आणि घराकडे तोंड करून मोठ्यानं सांगतात, "वसू, बरा हाय गं आज."

आतून ओ कोण देणार... मीच दिली.