घाईबाई आणि न उघडणारी खिडकी

समोरच्या घाईबाईंना नोकरीवरून काढलं, अशी बातमी तळमजल्यापर्यंत पोचली होती. साफ खोटी! मी वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने जाऊन खात्री केली. बाई भरदुपारी घरी होत्या, कारण साहेबांशी वाजलं होतं.

लिफ्ट यायच्या आत जिना उतरून मोकळ्या होतात, म्हणून त्या घाईबाई. आणि नशिबात काम काय, तर सुरू व्हायलाच रेंगाळणारा, जावा नावाच्या संगणक-भाषेतला प्रोग्राम सांभाळायचं. दवाखान्याच्या खिडकीवर सकाळी तो चालू केला की रांग ताटकळायची, कारकून जांभया द्यायचा.

"एवढा वेळ करतो काय तो?" त्यांच्या सासूबाईंनी विचारलं.

"आई, त्यात एक फ्रेमवर्क आहे. कुठल्या भागाला काय लागतं ते बघून जोडून देतं. पण त्यासाठी रोज सुरू होताना घरातलं प्रत्येक कपाट उघडून बघतं."

"म्हणजे तुझ्या नवऱ्यासारखं. एक मोजा शोधायला सगळं घर."

बाईंनी आधी सोपा उपाय केला: जो भाग लागेल तो तेव्हाच जागा करायचा. प्रोग्राम झटक्यात उघडला. पण पावतीच्या भागाची एक जोडणी राहिली होती. पूर्वी प्रोग्राम सुरू होतानाच ओरडला असता. आता ऐन गर्दीत पावती अडली. साहेब कडाडले, "होतं तसं करा, नाहीतर हे काम दुसऱ्याला देतो!"

"चूक माझी, निस्तरणारही मीच. पण मागे नेणार नाही," असं तोंडावर सांगून बाई घरी येऊन कामाला बसल्या होत्या. हेच ते 'काढलं'!

त्यांनी सगळी जुळवाजुळव ऑफिसात प्रोग्राम बांधतानाच करून टाकली; रोज कपाटं धुंडाळणं संपलं. एखादी जोडणी राहिली, तर आता तो ऑफिसातच अडतो, दवाखान्यापर्यंत पोचतच नाही.

नवा प्रोग्राम बसवला त्या सकाळी साहेब जातीने दवाखान्यात हजर. मीही होते, गुडघा दाखवायला. (गुडघा ठणठणीत आहे.) कारकुनाने बटण दाबलं. साहेब सवयीने खुर्ची ओढायला वळले. टेकायच्या आत खिडकी सुरू, पहिल्या आजोबांची पावती हातात.

साहेबांचा चेहरा उतरला, पण ऐट कुठे जाते? म्हणाले, "ठीक आहे. पण इतकी वर्षं तसंच चालत होतं, एकाचीही तक्रार नव्हती."

घाईबाई म्हणाल्या, "येणार कशी, साहेब? तक्रारीचं पान त्याच प्रोग्राममध्ये आहे. ते उघडेपर्यंत थांबणार कोण?"